श्री नसलेला फळा

भवानीनगरच्या चौकातल्या फळ्यावर शंभूराज रोज कॉम्प्युटरच्या जगातली एक बातमी लिहायचा. वर श्री, तळाला स्वतःचं नाव. बातम्या त्याला इंटरनेटवरच्या एका ग्रुपमधून मिळायच्या. तिथली माणसं सगळी परदेशातली.

त्या दुपारी फळा लिहून तो घरी आला. बोटांना अजून खडू होता. ग्रुपवर त्याच्या नावानं निरोप आला होता. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी.

"आज वर श्री का नाही लिहिलं?"

श्री फक्त निधनाच्या बातमीवर लिहीत नाहीत. त्यानं तर लिहिलं होतं.

तो चौकात धावला. फळ्यासमोर शेजारच्या धोंडाबाई उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण श्री नसलेला फळा ओळखता येत होता.

"कोण गेलं रं, बाबा?"

श्री नव्हतं. बातमीही नव्हती. तळाला, त्याच्याच अक्षरात, त्याचं नाव तेवढं होतं.