सत्तावीस हजार सातशे वीस

१९५८ सालची दिवाळी सरली आणि आचऱ्याच्या किनाऱ्याला बाबांचा मचवा बांगड्यांनी भरून आला. मोजणी झाली, सत्तावीस हजार सातशे वीस. वाटेकरी बारा, म्हणून प्रत्येकी दोन हजार तीनशे दहा. बाकी शून्य.

बाबांचा चेहरा उतरला. वाटणीतून उरतील ते मासे दर्याचे, असा आमच्या मचव्याचा रिवाज होता. कुणाच्या वाट्यातून काढलेला मासा दर्याला चालत नसे.

"माझो वाटो नको. अकराक घाल," बाबा म्हणाले.

मी भागाकार केला. बाकी शून्य.

"माझोय नको. दहाक घाल," गंगाराम खलाशी म्हणाला.

मला हसू आलं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन घरी आलो होतो. "बाबा, एकापासून बारापर्यंत कशानंय भागा, कायेक उरूचा नाय. असो ह्यो सगळ्यात ल्हान आकडो!"

"आकडो बरो आसा रे तुझो," बाबा हळूच म्हणाले, "पण दर्यान आपलो वाटो खंयसून घेवचो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मचवा गेला. चार दिवस झाले तरी आई बंदरावरून हलली नव्हती.



माझ्या टेबलावर फॉर्मॅलिनच्या बरणीत एक बांगडा होता. चिरून बघायला म्हणून मोजणीच्या आधीच मी तो ढिगातून उचलला होता.