पक्ष्याची शीळ

संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या एका पक्ष्याशेजारी आवाजाचं बटण बसवायचं होतं. पण ती जातच संपलेली, आणि आवाज कुणी टिपून ठेवलेला नाही. म्हणून नकलाकाराला बोलावलं. त्यानेही तो पक्षी कधी पाहिला नव्हता. शीळ वडिलांकडून शिकला होता.

त्याने डोळे मिटून शीळ घातली. दोन लांब सूर आणि शेवटी बारीकशी घरघर.

"ती घरघर तर कमाल आहे," ध्वनिमुद्रक म्हणाला. "पक्षी समोर बसल्यासारखा वाटला."

सोबत आलेली थोरली बहीण भावाला हळूच म्हणाली, "ती पक्ष्याची नाही रे. तू शिकलास तेव्हा बाबांना दमा जडला होता. त्याआधी ते शेवट वेगळाच करायचे."

"कसा करायचे, ताई?"

तिने ओठांचा चंबू केला, थोडी हवा फुंकली, मग मान हलवली. "नाही आठवत."

ज्याला विचारावं तो काचेच्या पेटीत होता. ध्वनिमुद्रकाने होतं तेच ठेवलं.

आता शाळेची मुलं बटण दाबतात, कान देऊन ऐकतात, आणि पक्ष्याची म्हणून बाबांची धाप हुबेहूब काढत घरी जातात.