पाळण्याची दोरी

लेकीच्या पत्राला नरहररावांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. बाळंतपण आटोपून सासरी जाताना ऊर्मिलाने ते त्यांच्या अर्धवट वाचलेल्या पुस्तकात ठेवलं होतं. ‘बाबा, तीन महिन्यांत तुम्ही बाळाला एकदाही घेतलं नाहीत. मुलगी झाली म्हणून का?’

काय लिहिणार? अंगातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी झालं म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी खांद्यांना चोळायला जेल दिलं होतं. लहान मुलांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नका, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. खांदे धुऊन, शर्ट घालून बाळाला घ्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण आपण नीट धुतलं असेल का, या शंकेने ते लांबच राहिले. आणि असल्या औषधाचं लेकीला सांगायचं तरी कसं?

“स्वतः सांगत नाही, मला सांगू देत नाही,” त्यांच्या पत्नी सुमतीबाई कडाडल्या. “लाजत बसा! तिकडे ऊर्मिला रडतेय.”

त्या दुपारी चार कागद फाडून झाले. पाचव्यावर त्यांनी औषधाचं नाव लिहिलं, ते कशासाठी तेही लिहिलं. मग लिहिलं, ‘तू झोपलीस की मी बाळाच्या पाळण्याची दोरी ओढत बसायचो. दोरी लांब होती, म्हणून बरं. आता येशील तेव्हा तुझ्या आईकडून खांदे घासून घेतो. मग बाळाला माझ्याकडे दे.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. नीट पडलं का, म्हणून फटीत बोटं घालून एकदा चाचपून पाहिलं.