धुऱ्यावरची खर्चुडी

भगवंतरावांनी पुन्हा एकदा मच्छरदाणी उचलून पाहिली. खर्चुडीच्या वेलाला फुलं होती, उभ्या कंदिलासारखी. शेंग एकही नव्हती. मागच्या वर्षीही नव्हती. शिवारातले बाकीचे वेल रानडुकरांनी कंदासकट उकरून खाल्ले. आता दोनच उरले होते. एक दोन वावरांमधल्या धुऱ्याच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, धाकट्या भावाच्या वावरात.

"आळी लागू नये म्हणून झाकला," ते नातीला म्हणाले.

आचल अमरावतीच्या कॉलेजात झाडाझुडपांचंच शिकत होती. तिनं मच्छरदाणी काढून घडी घातली. "आळीसंगं माशीबी अडवली तुमी, आबा. ह्या फुलाले सोताचे पराग चालत नाई. दुसऱ्या वेलाचे लागते. ते बारीक माशीच आणते."

"दुसऱ्या म्हंजे?"

"बंडूआबाच्या."

भगवंतराव बसले, लगेच उठले. पलीकडे बंडू कपाशी फवारायला पाठीवर पंप चढवत होता. वारा इकडेच येत होता.

"फवारलं तं माशा मरतीन," आचल म्हणाली. "सांगा त्याईले."

"मी काहून सांगू?"

धुऱ्याची मोजणी झाली तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. फारच अडलं तर जनावराला सांगत, समोरच्याला ऐकू जाईल असं.

भगवंतराव निंबाखालच्या बैलाजवळ गेले. "मोऱ्या, आज फवारू नोको म्हना लोकाईले. माशा मरतीन."

बंडूनं पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. "आयक, वाघ्या. कपाशीवर मावा पडला, अन् लोकाईले माशाईची पडली."

"माशी नाई आली तं बी धरत नाई, मोऱ्या. हे दोन गेले का संपली खर्चुडी. मायनं उकडून देल्ले कंद आठवते का म्हना."

बंडूनं पंप उतरवून धुऱ्यावर ठेवला. "परवा पाहू, वाघ्या."

भगवंतरावांना चैन पडेना. ते वेलापाशी उकिडवे बसले, उठून फेरी मारून आले, पुन्हा बसले. तिळाएवढी एक माशी फुलाच्या नळीत उतरली.

"बाहेर कवा येईन?"

"नळीतले केस वाळले का येते. रातभर अडकून राह्यते. उद्या पराग घेऊन निंघते."

"अन् तिकडं गेलीच नाई तं?"

"तं नाई," आचल म्हणाली, आणि बैल सोडून नाल्यावर पाण्याला घेऊन गेली.

पलीकडे बंडूही उकिडवा बसला होता. तोंड जवळजवळ फुलात घालून तो आत बघत होता.

भगवंतरावांनी वेलावरची नजर हलवली नाही. "मोऱ्या, उद्या लवकर ये म्हना. माशी निंघाच्या आंधी."

निंबाखाली नुसता खुंटा होता.

"येतो," बंडू म्हणाला.