डावी बाजू

अर्धांगवायूने डावा गाल ओघळल्यापासून द्वारकाआत्या कुणासमोर येत नसत. पण व्हिडिओ गेमसाठी थ्रीडी माणसं घडवायला शिकणाऱ्या भाचीने चेहरा मागितला, तेव्हा त्या नथ घालून ऐटीत कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"राणीच कर हं. मोलकरीण केलीस तर बघ!"

आज लॅपटॉपच्या पडद्यावर एक बाई हसली. दोन्ही गाल लोंबते, दोन्ही नाकपुड्यांत नथ.

"ही कोण गं अवदसा?"

"चेटकीण आहे, आत्या. आम्ही अर्धाच चेहरा घडवतो. उरलेला कॉम्प्युटर आरशासारखा उलटून जोडतो."

आत्या त्या दोन नथींकडे बघत राहिल्या. नथ घालतात डावीकडे.

"म्हणजे माझी पडकी बाजू घेतलीस."

भाचीने मान खाली घातली. "सरांना भीतीदायक हवी होती."

"मेले, देवानंसुद्धा एक बाजू शिल्लक ठेवली होती गं."