उणे ऐंशी

"हे कोणी खरं मानलं, तं माहं नाव बदला," असं जानराव बुढ्यानं आधीच बजावलं, आणि गोष्ट सुरू करून पारावर जमलेल्यांना उचलून थेट रिठदच्या शाळेत नेऊन बसवलं.

शाळेत तपासणीला आलेले डिप्टी साहेब परीक्षा घेत होते. गणितं वीस. चौथीतली रंगी समोर उभी, तिची पाटी साहेबांच्या हातात. बारा बरोबर, आठ चूक. पास व्हायला शेकडा तेहतीस लागत. रंगीनं बोटांवर आधीच हिशोब केला होता: एका गणिताला पाच, म्हणजे बाराला साठ. सकाळी बाप म्हणाला होता, "पास झाली तं शीक. नाई तं उद्यापासून वावरात चाल."

साहेबांनी बारातून आठ वजा केले आणि पाटी तिला परत दिली.

"चार. शेकडा वीस. नापास. खाली बस."

रंगी बसली नाही. "आठ काहून कापले, सायेब?"

"एक चूक, की एक बरोबर बाद. माझी तशी पद्धत आहे."

"चुकले त्याचं मले काई भेटलं नाई, ते कबूल. पण बरोबरवाल्यायनं काय घोडं मारलं?"

मास्तरांनी डोळे वटारले. बाजूच्या खुर्चीत दौलतराव पाटील होते. साहेबांचं जेवण त्यांच्याच घरी होतं. ते गुरकावले, "लय जबान चालते इची! बस वं खाली!"

"नाई बसत. आंधी तुमच्या पोराची पाटी तपासू द्या. हेच गणित त्याले लावा."

पाटलाच्या पोराचे बरोबर दोन, चूक अठरा. साहेब पद्धतीचे पक्के. त्यांनी दोनातून अठरा काढायला घेतले.

इथं जानरावनं गोष्टीला थोडी ढील दिली. दोनातून अठरा निघेनात. फळा भरला. भिंत भरली. वजाबाकी उंबरा ओलांडून अंगणात उतरली, विहिरीला वळसा घालून मारुतीच्या देवळाशी टेकली, तेव्हा कुठं उत्तर सापडलं. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या मिशा खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या.

"शेकडा उणे ऐंशी," ते म्हणाले.

पाटील ताडकन उठले. "उणे? पाटलाच्या घरात आजलोक काई उणं पडलं नाई! जेवाले याच, पंगतीत काय उणं हाये ते दाखवाच मले!"

"अहो पाटील, हे गणितातलं उणं..."

"कशातलंही नको! पोट्टं नापास करा, मले चालते. पण माह्या घरावर उणं लिवाचं नाई!"

साहेबांनी घाम पुसला. "मग बरोबर तेवढेच मोजावे लागतील. आणि मोजायचे तर सगळ्यांचेच."

"मोजा ना मंग!"

रंगी अजून उभीच होती. तिनं पाटी पुन्हा पुढं केली. आठ चुकांवर साहेबांनी मारलेल्या फुल्या तिनं पुसल्या नव्हत्या. पाटी जशीच्या तशी होती.

पारावरचे लोक पुढं सरकले. "मंग?" फुलचंदनं विचारलं. "किती देल्ले?"

"किती म्हंजे?" जानरावनं मांडीवर थाप मारली. "सायेबानं टोपी काढली, रंगीपुढं वाकला, अन् देल्ले शेकडा शंभर!"

"खोटं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रस्त्यानं चाललेली रंगूबाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट थांबली होती. रंगीचे केस आता पिकले होते, आवाज नव्हता पिकला.

"साठ व्हते, जानभाऊ. बारा बरोबरचे साठ. तवा त्यातला एक कापू देल्ला नाई म्या. आता तुमी वरतून चाळीस चढवू नका."