वाऱ्याची दुसरी बाजू

“आत ये गं पोरी, वारा थांबला म्हणजे वादळ गेलं असं नाही.” लहानपणी चक्रीवादळाचा डोळा घरावर आला, सगळं शांत झालं आणि त्या अंगणात धावल्या, तेव्हा आईनं मारलेली ही हाक प्राध्यापकबाई अजूनही वर्गात सांगतात.

आज आभाळ निरभ्र होतं, तरी भिंतीवरच्या वायुदाबमापकाचा काटा घसरत होता. बाईंनी काचेवर टिचकी मारली. काटा आणखी उतरला.

“म्हातारं झालंय ते, माझ्यासारखं,” आई म्हणाली.

पडदा हलेना. घड्याळाची टिकटिकही ऐकू येईना.

मागच्या दारावर थाप पडली. “आई, मी आले गं.”

आवाज बाईंचाच होता, दुधाचे दात पडत होते तेव्हाचा.

त्या कडी काढायला उठल्या. आईनं त्यांचा हात घट्ट धरला.

“नको. त्या दिवशी दारात तुम्ही दोघी उभ्या होतात. मी घाईत एकीलाच आत घेतलं.”